चाकोरीबाहेरचें चाक



'चाकोरी' हा शब्द आपण आतां बहुधा निंदेच्या अर्थानेंच वापरतों. चाकोरींतलें जीवन, चाकोरींतला विचार, असें कोणी म्हटलें म्हणजे त्यांत कांहीं तेज नाहीं असें समजावयाचें. परंतु खानदेशांतल्या काळ्या जमिनींतून ज्यानें श्रावणांत गाडी हांकली आहे, त्याला चाकोरीची निंदा करावीशी वाटणार नाहीं. लोखंडी धांवा चढविलेलीं चाकें वर्षानुवर्षें एकाच जागेवरून गेलीं म्हणजे दोन समांतर खांचा पडतात. त्यांचा तळ दबून घट्ट झालेला असतो. बाजूची भिजलेली माती मात्र चाकाला अशी कांहीं बिलगते कीं, बैलांनीं मान टाकावी. म्हणून एका पंचक्रोशींतल्या गाड्यांच्या दोन चाकांमधलें अंतर सहसा सारखें असे. ज्याच्या गाडीचें अंतर वेगळें, त्याचें एक चाक खांचेंत आणि दुसरें उंचवट्यावर. गाडी कलती, आणि गाडीवान कष्टी.

आज ज्या वस्तूविषयीं मी बोलणार आहें ती दोन चाकांमधलें हें अंतर वाढविणारी वस्तु आहे. इंग्रजींत तिला 'व्हील स्पेसर' म्हणतात, आणि शिरपूर, धुळें, जळगांव येथील गॅरेजांतूनही 'स्पेसर' हाच शब्द रूढ आहे. आपण तिला सोयीसाठीं चकती म्हणूं. जीप जातीच्या गाड्यांना ही चकती बसविण्याची हौस अलीकडे तरुण मंडळींत फार दिसते. पुष्कळ घरांतून या प्रश्नावर पितापुत्रांचे मतभेद होतात. पुत्राला चाकें बाहेर आलेली गाडी रुबाबदार दिसते, आणि पित्याला नवी गाडी उगाच बिघडविल्यासारखी वाटते. दोघांचेंही म्हणणें अर्धें खरें आहे. तें कोठें खरें व कोठें खोटें हें पाहण्यासाठीं मुळांत मोटारीचें चाक गाडीला कशाच्या जोरावर धरून राहिलेलें असतें, हें समजून घेतलें पाहिजे.

तत्पूर्वीं हा प्रश्न शिरपुरासारख्या गांवीं का उद्भवतो, हें थोडक्यांत सांगतों. शिरपूर हें तापीच्या उत्तरेस अरुणावतीच्या कांठीं वसलेलें आहे. मुंबईहून आग्र्याकडे जाणारा हमरस्ता तालुक्यांतून जातो. गांवाच्या आसपास आणि तापीकडे कापसाची सपाट काळी जमीन आहे. उत्तरेकडे सांगवी, पळासनेर या बाजूला गेलें कीं सातपुड्याच्या टेंकड्या सुरू होतात, आणि पुढें बिजासनचा घाट चढून रस्ता मध्य प्रदेशांत सेंधव्याला पोहोंचतो. पूर्वेच्या अंगास अनेर नदी, तिच्यावरचें धरण, आणि भोंवतालचें जंगल. हमरस्ता, चिखल, नाल्यांतली रेती आणि पाड्यांकडे चढणाऱ्या दगडी वाटा या चारही गोष्टी एका तासाच्या प्रवासांत भेटाव्यात, असे तालुके महाराष्ट्रांत फार नसतील. अशा ठिकाणीं चारही चाकांना जोर असलेल्या गाडीची आवड निर्माण झाली तर नवल नाहीं.

ही गाडी आपल्याकडे आली तीही आतां जुनी गोष्ट झाली. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेच्या विलीज कंपनीनें लष्करासाठीं जीप बांधली. १९४५ सालीं स्थापन झालेल्या महिंद्र आणि महंमद या पेढीनें १९४७ पासून ती येथें जुळविण्यास प्रारंभ केला. १९४८ मध्यें तीच पेढी महिंद्र आणि महिंद्र झाली. मारुतीची जिप्सी १९८५ सालीं आली. महिंद्रांची 'थार' २०१० मध्यें आणि तिचा नवा अवतार २०२० मध्यें बाजारांत आला, व तो आपल्या नाशिकासच तयार होतो. त्यामुळें ज्या घरांत पूर्वीं आजोबांची शेतावरची जीप होती, त्याच घरांत आज नातवाची थार उभी असते. आजोबांच्या जीपला कोणी चकत्या लावल्या नव्हत्या हें खरें. पण आजोबांनीं तिला मोठे टायरही लावले नव्हते.

चकती लावण्याचें मुख्य व्यवहारी कारण हेंच आहे. मूळच्यापेक्षां रुंद टायर चढविला कीं, सुकाणूचक्र पुरतें वळवितांना टायराची आंतली कड कमानपाट्यांना किंवा सांगाड्याला घासूं लागते. चाक पंचवीस-तीस मिलिमीटर बाहेर सरकविलें कीं घासणें थांबतें. दुसरें कारण असें कीं, चाकांमधलें अंतर वाढल्यानें गाडी आडव्या उतारावर अधिक स्थिर होईल अशी अपेक्षा असते. तिसरें कारण शोभा. शोभेचा मी उपहास करीत नाहीं. ज्यानें पोळ्याला आपल्या बैलांचीं शिंगें रंगविलीं आहेत, त्यानें शेजाऱ्याच्या मोटारीच्या थाटाला हंसूं नये.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. बैलगाडींत आंस स्थिर असतो, चाकाचा तुंबा त्याच्यावर फिरतो, आणि चाक निसटूं नये म्हणून आंसाच्या टोंकाला खीळ असते. ती मोडली कीं चाक गेलें. मोटारीचें चाकही असेंच पांच-सहा खिळ्यांवर टांगलेलें आहे असा आपला सर्वसाधारण समज असतो. मोटारींत ज्याला हब म्हणतात तो तुंबाच होय. त्यांतून पांच किंवा सहा आट्यांच्या खुंट्या, म्हणजे स्टड, बाहेर आलेल्या असतात. त्यांत रिम अडकवून वरून नट आंवळतात. पाहणाऱ्याला वाटतें कीं गाडीचें ओझें या खुंट्यांवर पडतें. तसें तें पडत नाहीं, आणि पडूंही नये.

नट आंवळला म्हणजे स्टड किंचित् ताणला जातो, ताणलेल्या कमानीसारखा, आणि तो रिमेला तुंब्याच्या सपाट तोंडावर दाबून धरतो. बारा मिलिमीटर जाडीच्या स्टडावरचा नट शंभर न्यूटन-मीटर पिळानें आंवळला, तर साधारणतः चार टनांइतका दाब उत्पन्न होतो. पांच नटांचा मिळून हा दाब वीस टनांच्या घरांत जातो. दोन धातूंच्या स्वच्छ तोंडांवर एवढा दाब असला म्हणजे त्यांच्यामधलें घर्षण सुमारें तीन टनांचा भार न घसरतां सोसूं शकतें. जुन्या जीपच्या एका चाकावर उभ्या स्थितींत पडणारें ओझें तीनशे किलोच्या आसपास असतें. म्हणजे दहापट राखीव बळ घर्षणाकडे आहे; गाडी दगडावरून आदळली तरी पुरेल एवढें. स्टडांनीं फक्त ताणून राहावयाचें. ओझें वाहण्याचें काम त्यांचें नव्हे.

हा दाब कमी झाला कीं सर्व हिशेब उलटतो. रिम तुंब्यावर केसभर सरकूं लागते, आणि जें ओझें घर्षण वाहत होतें तें स्टडांवर आडवें येतें. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला स्टड एकदां इकडे व एकदां तिकडे वांकतो. हातानें तार मोडतांना आपण हेंच करतों. जीपच्या जुन्या मापाच्या टायराचा फेरा सव्वादोन मीटरांहून थोडा अधिक असतो, म्हणजे एका किलोमीटरला सुमारें चारशें चाळीस फेरे. शिरपूरहून धुळ्यापर्यंतचें पन्नास किलोमीटरांचें अंतर तोडीपर्यंत तें चाक बावीस हजार वेळां फिरलेलें असतें. सैल चाकाचा स्टड मोडण्यास वर्षे लागत नाहींत हें यावरून ध्यानांत यावें. एक मोडला कीं उरलेल्यांवर भार वाढतो, आणि मग ते लौकर लौकर मोडतात.

जुन्या विलीज जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असत, हें जुन्या मिस्त्रींना ठाऊक आहे. चाक फिरण्याच्या ओघानें नट सैल होऊं नये, या काळजीनें ती योजना केली होती. ज्यांनीं ती गाडी रेखाटली त्यांच्या मनांत या एका सांध्याविषयीं केवढी सावधगिरी होती, याची ही खूण आहे.

चकती नेमकी याच सांध्यांत शिरते, आणि म्हणून तिचा विचार दागिन्यासारखा करून चालत नाहीं. बाजारांत तिच्या दोन जाती मिळतात. पहिली साधी: भोंकें पाडलेली एक तबकडी. ती स्टडांत घालावयाची, तिच्यावर रिम, आणि पुन्हां तेच नट. येथें चकती जितकी जाड, तितका स्टडाचा नटांत शिरणारा भाग कमी. स्टडाची जेवढी जाडी, निदान तेवढी लांबी तरी नटाच्या आट्यांत गुंतली पाहिजे, असा यंत्रशास्त्रांतला साधा नियम आहे. बारा मिलिमीटरांच्या स्टडावर दहा मिलिमीटरांची चकती घातली तर हा नियम पाळला जाण्याची शक्यता फारच थोडी. नट चार आटे बसला तरी तो घट्ट लागल्यासारखा हाताला वाटतो, आणि हीच त्यांतली फसगत आहे. लेथवर मिळेल त्या पत्र्यांतून कातून घेतलेल्या तबकड्या याच जातीच्या असतात. त्यांचीं दोन्हीं तोंडें समांतर आहेत कीं नाहींत हें कोणीं मोजलेलें नसतें. तोंड अर्धा मिलिमीटर वांकडें असलें तरी चाक लडबडतें. अशी तबकडी कोणत्याही गाडीला लावूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे.

दुसरी जात आपल्या स्वतःच्या स्टडांची. ही जाड असते, पंचवीस ते पन्नास मिलिमीटरांची. ती आधीं मूळच्या स्टडांवर स्वतंत्र नटांनीं आंवळावयाची. मग तिच्यांतून बाहेर आलेल्या नव्या स्टडांवर रिम बसवून दुसऱ्यांदां नट आंवळावयाचे. ठोकून घडविलेल्या चांगल्या ॲल्युमिनियमाची, तुंब्याच्या मधल्या उंचवट्यावर अचूक बसणारी आणि आपल्याही अंगाला रिमेसाठीं तसाच उंचवटा असणारी अशी चकती असली, तर ती पुरेशी बळकट असते. ओतीव धातूची असली तर नसते. वस्तु मुळांतच त्याज्य आहे असें मात्र म्हणतां येणार नाहीं. जर्मनींतील पोर्शे कंपनी आपल्या कांहीं गाड्यांना पांच मिलिमीटरांच्या चकत्या कारखान्यांतूनच देते. परंतु त्याच देशांत बाहेरून घेतलेल्या चकतीला प्रमाणपत्र लागतें, आणि बसविल्यावर गाडी बहुधा तपासनिसांपुढें न्यावी लागते. आपल्याकडे ती पाकिटांतून येते आणि रस्त्याच्या कडेला बसते.

या दुसऱ्या जातींतही एक अडचण आहे, आणि माझ्या मतें आजच्या विषयांतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. पूर्वीं जेथें एक सांधा होता तेथें आतां दोन झाले, आणि त्यांपैकीं आंतला सांधा चाकाखालीं झांकला गेला. कोणताही नवा सांधा आंवळल्यावर थोडा बसतो. रंगाचा थर, गंजाची खपली, धुळीचा कण दाबाखालीं चिरडतो, आणि स्टडाचा ताण तितका उतरतो. म्हणून शंभरएक किलोमीटर चालल्यावर नट पुन्हां आंवळावे लागतात. गाडीवाले हें करतात. पण ते बाहेर दिसणारे नट आंवळतात. आंतले नट पाहावयाचे तर चाक उतरविलें पाहिजे, चारही चाकें एकामागून एक, आणि एवढा उद्योग कोण करतो? महिने जातात. बाहेरचे नट कडक, आंतले सैल. मालकाला वाटतें आपण नियम पाळला. चढावर कधीं टक् टक् असा बारीक आवाज येतो, तो दगडांचा समजला जातो.

घर्षणाच्या खालोखाल प्रश्न बेअरिंगांचा. तुंब्याच्या आंतल्या बेअरिंगांवर भार सारखा वांटला जावा म्हणून चाकाचें मध्य त्यांच्या मध्याच्या जवळपास ठेवलेलें असतें. चाक तीस मिलिमीटर बाहेर गेलें कीं तराजूच्या दांडीवरचें वजन बाहेर सरकविल्यासारखें होतें. वजन तेंच, परंतु बाहेरचें बेअरिंग अधिक दडपतें. गाडींत चौघेंच असतील आणि रस्ता बरा असेल तर हें कांहीं वर्षे चालेल. ज्या जीपगाड्या पाड्यांवरून बाजाराच्या दिवशीं माणसें आणतात, आणि ज्यांच्या मागच्या फळीवरही माणसें उभीं असतात, त्यांना मात्र चकती लावणें म्हणजे दुखऱ्या खांद्यावर पोतें चढविणें होय. पुढच्या चाकांचा आणखी एक परिणाम हाताला जाणवतो. चाक ज्या रेषेभोंवतीं वळतें ती रेषा जमिनीला जेथें भेटते, तेथून टायराचा मध्य दूर जातो, आणि त्यामुळें एका चाकाला दगड लागला तर सुकाणूचक्र हातांतून हिसका मारतें. अंगठा चक्राच्या आंत घालून धरण्याची ज्यांना संवय आहे त्यांनीं ती सोडावी.

चाक केवळ बाजूलाच सरकत नाहीं. वळतांना तें मोठा फेर घेतें, आणि जो टायर कमानपाट्यांना घासत होता तो आतां पुढच्या मडगार्डाला घासूं शकतो. शिवाय टायर मडगार्डाबाहेर आला कीं चिखल व खडे मागें न जातां बाजूला उडतात. हमरस्त्यावर शेजारून जाणाऱ्या मोटारसायकलवाल्याला या शोभेचा प्रसाद मिळतो.

आतां स्थैर्याचा हिशेब करून पाहूं, कारण पुत्राच्या बाजूचा मुख्य पुरावा तोच आहे. विलीज जीपच्या दोन चाकांमधलें अंतर सुमारें एकोणपन्नास इंच, म्हणजे १,२४५ मिलिमीटर होतें. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५० मिलिमीटर उंच आहे असें मानलें, तर निव्वळ गणितानें ती आडव्या उतारावर सुमारें पावणेचव्वेचाळीस अंशांना उलटेल. प्रत्यक्षांत स्प्रिंगा व टायर दबल्यामुळें ती त्याच्या बरीच आधीं उलटते. पण तुलनेसाठीं हा आंकडा पुरे. दोन्हीं बाजूंना तीस-तीस मिलिमीटरांच्या चकत्या लावल्या कीं हा कोन पंचेचाळीस अंशांच्या थोडा पुढें जातो. लाभ सव्वा अंशाहून थोडा अधिक. लाभ नाहीं असें नव्हे. पण आतां त्याच गाडीच्या टपावर लोखंडी जाळी बसवून, जाळीसकट साठ किलोंचें सामान जमिनीपासून १,८०० मिलिमीटर उंचीवर चढवूं, आणि गाडीचें बाकीचें वजन १,२०० किलो धरूं. गुरुत्वमध्य पंचावन्न मिलिमीटरांनीं वर जातो, आणि चकतीवांचून पाहिलें तर उलटण्याचा कोन साडेएक्केचाळीस अंशांच्याही खालीं येतो. तोटा सव्वादोन अंशांचा. चकतीनें जें मिळविलें त्याहून अधिक टपावरच्या ओझ्यानें घालविलें. ज्या गाड्यांना हौसेनें चकत्या लागतात त्यांच्याच टपावर हौसेनें जाळीही लागते. सातपुड्यांतल्या आडव्या वाटेवर गाडी स्थिर हवी असेल त्यानें प्रथम टप रिकामा करावा. त्याला खर्चही लागत नाहीं.

चाकोरीचें काय, असें कोणी विचारील. आज बैलगाड्या कमी झाल्या, पण शेतरस्त्यांवर खांचा आहेतच. त्या ट्रॅक्टरांनीं पाडलेल्या आहेत. ट्रॅक्टरचीं चाकें जीपपेक्षां सामान्यतः अधिक अंतरावर असतात, म्हणून साठ मिलिमीटरांनीं वाढलेली जीप त्या खांचांत चपखल बसेल अशी आशा नको. येथें ट्रॅक्टराचें एक वैशिष्ट्य सांगण्याजोगें आहे. पिकाच्या ओळींमधलें अंतर वेगवेगळें असतें, म्हणून पुष्कळ ट्रॅक्टरांचीं मागचीं चाकें जवळ किंवा दूर करण्याची सोय निर्मात्यानेंच ठेवलेली असते. रिम आणि तिच्यांतली तबकडी उलटसुलट करून जोडली कीं अंतर बदलतें. कापूस पेरणाऱ्या शेतकऱ्याला ही गोष्ट नवी नाहीं, आणि शिरपूर तालुक्याला तर रुंदीकरण मुळींच नवें नाहीं. नाले खोल व रुंद करून पाणी जिरविण्याची 'शिरपूर पद्धति' महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहे. परंतु ट्रॅक्टराचा आंस आणि तुंबा हे त्या बदलासाठींच बांधलेले असतात. जीपचे तसे नसतात. अंतर वाढविणें हा दोष नव्हे. तें वाढविणार हें बांधणाऱ्याला ठाऊक नसणें हा दोष.

टायर घासतो एवढीच अडचण असेल तर तिच्यावर दोन उपाय चकतीपेक्षां बरे आहेत. पुढच्या आंसावर चाकाचें वळण मर्यादित करणारा एक बोल्ट बहुतेक जीपगाड्यांना असतो. तो थोडा बाहेर काढला कीं टायर घासेपर्यंत चाक वळतच नाहीं. गाडीला वळावयास जागा अधिक लागेल, पण रानांत ती मिळते. दुसरा उपाय म्हणजे रिमच निराळी घ्यावी. रिमेची जी तबकडी तुंब्यावर बसते ती रिमेच्या मध्यापासून किती आंत वा बाहेर आहे, याला 'ऑफसेट' म्हणतात. योग्य ऑफसेटची रिम घेतली तर टायर चकतीइतकाच बाहेर येतो, बेअरिंगांवरचा भार चकतीइतकाच वाढतो, सुकाणूचक्राचे हिसकेही तितकेच. पण सांधा एकच राहतो. खर्च अधिक येतो हें खरें. चार रिमांची किंमत चार चकत्यांच्या कितीतरी पट होते, आणि तरुण मालक येथेंच माघार घेतात. माझें म्हणणें एवढेंच कीं, या प्रकरणांतलीं बाकीचीं दुखणीं हळूहळू येतात व आधीं कळतात. सांधा सुटतो तो एका क्षणांत.

उतारावरचा एक क्षण काय करूं शकतो हें शिरपूरकरांना सांगावयास नको. ४ जुलै २०२३ रोजीं पळासनेरजवळ ब्रेक निकामी झालेला एक अवजड ट्रक इतर वाहनांना धडकून रस्त्याकडेच्या खाणावळींत घुसला, आणि किमान दहा माणसें दगावलीं. त्या अपघाताचा चकतीशीं कांहीं संबंध नव्हता. पण तो रस्ता तोच आहे, ज्याच्यावरून रविवारी सातपुड्यांत हिंडून आलेल्या जीपगाड्या संध्याकाळीं वेगानें खालीं उतरतात, आणि त्याच्या कडेलाही माणसें उभीं असतात. दिवसभर दगडांतून हिसके खाल्लेलें चाक खरी परीक्षा रानांत देत नाहीं. ती हमरस्त्यावर देतें.

कायद्याविषयीं थोडेंसें. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या ५२ व्या कलमानुसार, नोंदणीपत्रांतला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार मालकास करतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें या कलमाचा असाच कडक अर्थ केला. त्याच वर्षीं झालेल्या दुरुस्तीनें अमान्य फेरफारास प्रत्येकीं पांच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीं शिक्षा ठेवल्या आहेत. चकतीनें गाडीची रुंदी बदलते. तेव्हां परिवहन अधिकाऱ्यानें हरकत घेतली तर वाद घालण्यास फारशी जागा नाहीं, आणि अपघातानंतर विमा कंपनीही तोच मुद्दा काढूं शकते. ज्यांची गाडी केवळ खासगी आवारांत किंवा शर्यतीच्या मैदानांत फिरते त्यांची गोष्ट वेगळी. पण शिरपूरचा कोणता गृहस्थ आपली थार ट्रकवर चढवून अनेरच्या कांठीं नेतो?

इतकें ऐकूनही जे चकत्या ठेवणार आहेत, त्यांच्या घरच्या माणसांसाठीं पुढचे चार शब्द. बसविण्यापूर्वीं तुंब्याचें तोंड तारेच्या ब्रशानें चकचकीत करवून घ्यावें. गंजावर चकती कधीं सपाट बसत नाहीं. पावसाळ्यांत ॲल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना धरतात, तेव्हां मधल्या उंचवट्याला ग्रीसचें बोट फिरवावें. परंतु स्टडांच्या आट्यांना तेल लावूं नये. तेलकट आट्यांवर तोच पीळ दिला असतां स्टड मर्यादेबाहेर ताणला जातो. नट हातानें 'अंदाजपंचे' न आंवळतां टॉर्क पान्यानें, समोरासमोरचे नट आळीपाळीनें, आंवळावेत. शंभर किलोमीटर झाले कीं चाकें उतरवून आंतले नट तपासावेत, आणि पुढें रानांतल्या प्रत्येक मोठ्या फेरीनंतर तेंच करावें.

जुनी जीप विकत घेणाऱ्यांना मात्र आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पातळ चकती लावतांना मूळचे स्टड तिच्यांतून बाहेर डोकावतात आणि रिमेला अडतात. अशा वेळीं कांहीं कारागीर स्टडांचीं टोंकें कापून टाकतात. पुढें मालक बदलतो, चकत्या काढून ठेवल्या जातात, आणि मूळचीं चाकें त्याच आंखूड स्टडांवर परत चढतात. वरून गाडी अगदीं कारखान्यांतून आल्यासारखी दिसते. तेव्हां सौदा ठरविण्यापूर्वीं एका चाकाचा एक नट काढावयास सांगावा, आणि तो किती फेऱ्यांत निघतो तें मोजावें. स्टडाचें टोंक गोलसर व आटे पूर्ण असले तर ठीक. तें सपाट कापलेलें असेल आणि नट पांच-सहा फेऱ्यांतच हातांत आला, तर चारही तुंब्यांचे स्टड नवे घालण्याचा खर्च किंमतींतून वजा करून मगच बोलणी पुढें चालवावींत.